डोंगरावर गेलो आणि सपाटीचे फोटो घेऊन आलो

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, वाचताना अडेल तेवढंच नीट केलंय.)

बसमध्ये इअरफोन लावून बसला असाल, मेसच्या रांगेत उभे असाल, नाहीतर दिवसभराचं काम आटपून गच्चीवर पडला असाल, आजचा विषय तुमच्या खिशातल्या कॅमेऱ्याचा आहे. लँडस्केप फोटोग्राफी.

लँडस्केप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लडाख. हिमाचल. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. म्हणजे काहीतरी उंच, खोल, नाहीतर बर्फाचं. आता मी तिवस्याचा. अमरावती-नागपूर हायवेवर, गुरुकुंज मोझरीजवळ. आमच्याकडं काय आहे? सपाट काळी जमीन, मधे एखादी बाभूळ, विजेचे खांब, आणि पुन्हा सपाट काळी जमीन. पुण्यातल्या मित्रांना गावचा फोटो दाखवला की ते विचारतात, "भारी आहे, पण यात बघायचं काय?" प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मला आमच्या गावात नाही, चिखलदऱ्याला मिळालं. आणि ते दिलं माझ्या मोठेबाबांनी, ज्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही.

आधी जागा सांगतो, कारण विदर्भाबाहेरच्या बऱ्याच जणांना वाटतं की आमच्याकडं डोंगरच नाहीत. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग आहे. तिथंच मेळघाट, १९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊपैकी एक. चिखलदरा त्याच डोंगरावर, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. तिथं कॉफीसुद्धा होते. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, तो कीचकदरा, आणि त्याचं झालं चिखलदरा, अशी कथा आहे. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत हवा बदलते. गाडीचा एसी बंद होतो, काचा खाली होतात.

मागच्या ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं गेलो. मी, माझा चुलतभाऊ आणि त्याचे वडील, म्हणजे माझे मोठेबाबा. मोठेबाबांना खरं तर परतवाड्यात काम होतं. ते झालं आणि म्हणाले, "एवढ्या जवळ आलो तं गाविलगड पाहून घेऊ, मले वीस वर्षं झाली." म्हणून आम्ही वर.

गाविलगड चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. किल्ला जुना, पंधराव्या शतकात अहमदशाह वली बहमनीच्या काळात बांधकाम झालेला. इतिहासात तो येतो तो मुख्यतः एका तारखेसाठी: १५ डिसेंबर १८०३. त्या दिवशी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला तह झाला. हे देवगाव डोंगराच्या पायथ्याशी आहे.

हे सगळं का सांगतोय? तर या जागी किल्ला का बांधला असेल, याचा विचार करा. डोंगराचं सौंदर्य बघायला कोणी राजा तट बांधत नाही. गाविलगड डोंगराच्या दक्षिण कडेवर आहे आणि त्याच्या समोर अख्खं वऱ्हाडचं मैदान उघडं पडलेलं आहे. कोण येतंय, कुठून धूळ उडतेय, कोणत्या गावाजवळ तळ पडलाय, हे बघायची ती जागा. किल्ल्याचं तोंड सपाटीकडं आहे.

आम्ही मात्र सगळे दरीकडं तोंड करून उभे होतो. माझा भाऊ, मी, आणि तिथं आलेली आणखी दहा-बारा पोरं. ज्याच्या त्याच्या हातात फोन, फोनवर ०.५ चा वाइड मोड, आणि समोर दरी. मोठेबाबा थोडे लांब, तटाजवळच्या दगडावर दक्षिणेकडं तोंड करून बसले होते. जरा वेळानं त्यांनी हाक मारली.

"थ्या दरीत कायले पाहून राह्यला रे? इकडं पाय ना."

मी गेलो. खाली मैदान होतं. साडेचार वाजले असतील, ऊन उजव्या हातानं तिरपं येत होतं. मला दिसलं ते असं: पिवळे, तपकिरी, हिरवे तुकडे, त्यावर हलका निळा थर. विमानातून दिसतं तसं. छान होतं, पण नुसतं छान.

मोठेबाबा वाचायला लागले. मला दुसरा शब्द सुचत नाही. पेपर वाचावा तसे वाचायला लागले.

"थो पिवया तुकडा दिसते ना, थे सोयाबीन काढलेलं वावर. बाजूचा काया, थो वखरून ठेवला, हरबरा पेरतीन आता. थे हिरवं लांबलचक, थे कपाशी. अन् थे ठिपके पाय, एका ओळीत. संत्र्याचे बगीचे. मधात दोन-तीन ठिपके गायब हायेत, म्हंजे झाडं वाळली थ्याची. अन् थो मधातला तुकडा पाय, सगळीकडं काढणी झाली, थ्याचंच उभं हाय. मजूर नसन भेटला."

मी तिथंच फोन ३ वर झूम केला आणि तो ठिपक्यांचा बगीचा शोधला. खरंच, अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतलेली असावी आणि मधले दोन-तीन ठिपके पुसले गेलेले असावेत, तसं. माझ्यासाठी जो एक रंगाचा तुकडा होता, तिथं त्यांना एका माणसाचा अख्खा हंगाम दिसत होता.

त्या दिवशी मी दरीचे फोटो तीन घेतले आणि सपाटीचे एकशे चाळीस. अंधार पडायच्या आत खाली यायचं असतं, जंगलाचा भाग आहे, त्यामुळं निघालो. घाट उतरताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. डोंगर बघायला जातात, तसं डोंगरावरून बघायलाही जाता येतं. आणि डोंगरावरून जे दिसलं, ते तर आमच्या घरामागंच आहे. ते तिवस्यात का दिसत नाही?

आता थोडं गणित. इंजिनिअर माणूस आहे, आकडे मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही.

क्षितिज किती लांब दिसतं, याचं एक सोपं सूत्र आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ नं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. वावरात उभं राहिलात, डोळे १.६ मीटरवर, तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटर. दुमजली घराच्या गच्चीवर डोळे ९ मीटरवर धरा, तर पावणेअकरा. गाविलगडाचा कडा खालच्या मैदानापासून सुमारे ७०० मीटर वर आहे, तर हिशेबानं ९४ किलोमीटर. हवेतल्या धुळीमुळं प्रत्यक्षात एवढं दिसत नाही, पण अंदाज येतो.

फोटोसाठी याहून कामाची गोष्ट दुसरी आहे. समजा, समोर दोनशे मीटरपासून तीनशे मीटरपर्यंत पसरलेलं एक वावर आहे. जमिनीवर उभं राहून फोटो काढला तर शंभर मीटरचं ते वावर चित्रात सुताएवढ्या पट्टीत दबून जातं. तुमची उंची तिप्पट झाली की तो पट्टा चित्रात जवळपास तिप्पट जाड होतो. साधं प्रमाण आहे. म्हणजे सपाट प्रदेशात दृश्य नसतं असं नाही, ते दुमडलेलं असतं. थोडं वर गेलं की घडी उघडते. आणि त्यासाठी ७०० मीटर लागत नाहीत. तीन-चार मीटरनंसुद्धा फरक पडतो.

हे शोधून काढणारा मी पहिला नाही हो. जगात सपाट देश म्हणून प्रसिद्ध कोण? नेदरलँड्स. आणि गंमत म्हणजे 'लँडस्केप' हा इंग्रजी शब्दच मुळात डच भाषेतून आला, 'लांडस्खाप'वरून, तोही चित्रकारांच्या बोलण्यातून. ज्यांच्याकडं डोंगर नव्हते त्यांनीच जगाला हा शब्द दिला! सतराव्या शतकात याकोब फान रौसडाल नावाचा डच चित्रकार होता. त्यानं आपल्या हार्लेम शहराची बरीच चित्रं काढली. त्यातलं एक प्रसिद्ध आहे, १६७०च्या आसपासचं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकडीवरून खाली बघतोय असं दृश्य. खाली सपाट कुरणं, त्यावर लांबच लांब पांढरे पट्टे. ते पट्टे म्हणजे उन्हात शुभ्र व्हायला पसरलेलं लिननचं कापड. दूर क्षितिजावर चर्च, आणि चित्राचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ. ढगांच्या सावल्या जमिनीवर पडल्यात, त्यामुळं एक पट्टा उजेडात, एक अंधारात. इंटरनेटवर शोधून बघा. आमच्या तिवस्यात सप्टेंबरमध्ये पाऊस उघडल्यावर आभाळ अगदी असंच असतं. कापडाऐवजी कपाशी, एवढाच फरक.

तर मी तिवस्याला परत आलो आणि उंची शोधायला लागलो. मी काम घरून करतो, त्यामुळं संध्याकाळचा तास मोकळा मिळतो. मोठेबाबांच्या वावरात मचाण आहे. रानडुकरांवर राखण करायला बांधलेलं, लाकडाचं, जमिनीपासून तीन मीटर. त्यावर उभं राहिलं की डोळे साडेचार मीटरवर. माणसाच्या उंचीच्या जवळपास तिप्पट! हेच हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी मचाणावरून जे दिसलं ते सांगतो. मोठेबाबांनी सोयाबीनमध्ये तूर घेतली होती. सोयाबीन निघून गेलेलं, जमिनीवर पिवळी खुंटं, आणि त्यातून तुरीची हिरवी तासं सरळ लांब गेलेली. पिवळं, हिरवं, पिवळं, हिरवं. उतरत्या उन्हात प्रत्येक तासाची सावली शेजारच्या पट्ट्यावर पडलेली. आणि मधे एक तास वाकडं. तेच चित्राचा जीव झालं.

मग एक गोष्ट ठरवली. जागा एकच, मचाणाचा तोच कोपरा. फोनचं झूम एकच, २. वेळ एकच, सूर्य मावळायच्या आधीचा तास. फक्त महिना बदलणार.

हे ठरवायला एक कारण होतं. त्या वावराचा तो शेवटचा हंगाम होता.

हायवेला लागून असलेल्या वावरांचं आता काय होतं, हे तुमच्यापैकी गावाकडच्यांना सांगायला नको. लेआउट पडतो. मोठेबाबांनी वावर विकायचं ठरवलं होतं, परतवाड्याचं कामही त्याच पैशांच्या देवाणघेवाणीतलं होतं. कोणी जबरदस्ती केली नाही. त्यांचे गुडघे दुखतात, डुकरं पीक ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, मुलगा पुण्यात नोकरी करतो, आणि भाव चांगला आला. मी वावर करणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही. त्यामुळं "विकू नका" म्हणायचा हक्क मला नव्हता, आणि मी म्हणालोही नाही. मला फक्त ते वावर नीट बघायचं होतं. लहानपणापासून मी त्यात गेलोय, हुरडा खाल्लाय, विहिरीत पोहायला शिकलोय. पण ते कसं दिसतं, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

डिसेंबरात तूर फुलली, पट्टे हिरव्याचे पिवळे झाले. एके दिवशी वेळेचा नियम मोडून पहाटे गेलो, कारण धुवारी पडली होती. मोठेबाबा वैतागलेले, धुवारीनं तुरीचा फुलोरा गळतो. फोटोत मात्र पुढची चार तासं दिसतात आणि बाकी वावर पांढऱ्यात विरून जातं. सुंदर फोटो आणि खराब सकाळ, दोन्ही एकाच वेळी. तो फोटो मी कुठं टाकला तर खाली त्यांचं वाक्यही लिहितो. जानेवारीत तूर निघाली, तुराट्यांचे ढीग लागले. मार्चमध्ये नांगरट झालेली होती, नुसती ढेकळं. उभ्या उन्हात तो फोटो म्हणजे काळा कागद. पण तिरप्या उन्हात प्रत्येक ढेकळाला स्वतःची सावली, आणि अख्खं वावर खडबडीत गोधडीसारखं.

दरवर्षी जूनमध्ये तिथं पेरणीचे पट्टे पडतात. या जूनमध्ये चुन्याच्या रेषा पडल्या. प्लॉटच्या. सिमेंटचे छोटे खांब, त्यावर लाल रंगात नंबर. मचाण अजून काढलेलं नव्हतं, नव्या मालकाला विचारून मी चढलो आणि त्याच कोपऱ्यातून फोटो घेतला. काळ्या ओल्या जमिनीवर पांढऱ्या रेषा फार ठळक येतात. चित्र म्हणून बघाल तर ते सगळ्या मालिकेतलं सर्वांत नेटकं आहे, एकही तास वाकडं नाही.

आठ फोटो प्रिंट करून मोठेबाबांना दिले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला. चुन्याच्या रेषांचा फोटोही शांतपणे बघितला, "हा पाच नंबर कोपऱ्याचा, म्हाग जाईन" एवढंच म्हणाले. ऑक्टोबरच्या फोटोवर थांबले. बोट ठेवलं त्या वाकड्या तासावर.

"हे पाय. थ्या दिवशी ट्रॅक्टरवाला फोनवर बोलून राह्यला होता. मी म्हणलं होतं थ्याले, तास वाकडं जाईन."

आणि हसले. मग म्हणाले, हा मोठा करून आण, भिंतीवर लावू. आता तो त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या वर आहे. कोणी घरी आलं की ते आधी वाकडं तास दाखवतात आणि मग ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट सांगतात.

आता तुमच्यासाठी कामाच्या चार गोष्टी. कॅमेरा लागत नाही, फोन पुरतो.

पहिली, उंची. तुमच्या डोक्यापेक्षा दोन-तीन मीटर वर असलेली जागा शोधा. गच्ची, कालव्याचा काठ, रेल्वेचा पादचारी पूल, गावाबाहेरची टेकडी, वावरातलं मचाण. जीव धोक्यात घालू नका. पाण्याच्या टाकीवर चढू नका, किल्ल्याच्या कड्यावर तर पाय टेकायच्या आधी दगड हलतो का बघा. ड्रोनचा विचार असेल तर परवानगीचे नियम आधी वाचा.

दुसरी, झूम. ०.५ चा वाइड मोड लांबचं सगळं बारीक करतो. डोंगर मुंगीएवढा, वावर दोऱ्याएवढं. सपाटीसाठी २ किंवा ३ वापरा. लांबचे थर एकमेकांजवळ येतात. फोनला दोन-तीन लेन्स असतील तर त्याच आकड्यांवर थांबा. त्यापुढं नुसतं डिजिटल झूम केलं की चित्र फुटतं.

तिसरी, ऊन. मावळतीच्या आधीचा तास किंवा उगवतीनंतरचा. सूर्य तुमच्या पाठीमागं नको, डाव्या किंवा उजव्या हाताला हवा. सावल्या आडव्या पडतात तेव्हाच जमिनीचे चढउतार कळतात. स्क्रीनवर आभाळाच्या जरा खाली बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, म्हणजे आभाळ पांढरं फट्ट होणार नाही. पावसानंतर आभाळ उघडेल तो पहिला दिवस सोडू नका. धूळ खाली बसलेली असते, त्या दिवशी सगळ्यांत लांबचं दिसतं. आमच्याकडं मोर्शी-वरुडच्या बाजूला गेलं तर त्या दिवशी सातपुडा निळ्या रेघेसारखा उभा राहतो.

चौथी, आणि ही फोनमध्ये सापडणार नाही. फोटो काढून झाला की तो त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाला दाखवा. लाइक मागायला नको. फक्त विचारा, "यात तुम्हाला काय दिसतं?" मग गप्प बसा आणि ऐका. पुढचा फोटो कुठं काढायचा, ते त्यांच्या बोलण्यात असतं. मी गाविलगडावर हेच घेऊन आलो.

चिखलदऱ्याला जरूर जा. देवी पॉइंट बघा, भीमकुंड बघा, कॉफी प्या. आणि गाविलगडाच्या दक्षिण कडेवर गेलात की पाच मिनिटं दरीकडं पाठ करा.

तिवस्यातल्या त्या जागेवर आता पावसानं गवत वाढलंय. चुन्याच्या रेषा धुऊन गेल्यात, खांब तेवढे दिसतात. मचाण गेलं. पण शेजारच्या प्लॉटवर पहिल्या घराचं बांधकाम सुरू झालंय आणि त्याला गच्ची होणार आहे. घरमालकांशी बोलून ठेवलंय, स्लॅब पडला की नववा फोटो तिथून.

चला, आजच्यापुरतं एवढंच. हा भाग गावाकडच्या कोणाला पाठवावासा वाटला तर पाठवा, आणि सोबत त्यांच्या वावराचा एक फोटोही मागवून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!